साहेबांच्या नावाने मेल पाठवायचाय, मग पासवर्ड कशाला?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली. केळीवाले, कारखानेवाले, कॉलेजवाले, घरचे, सगळ्यांची अडचण तीच, दुसऱ्याच्या मेलबॉक्समधून त्याच्या नावाने मेल कसा पाठवायचा आणि तो नीट पद्धतीने कसा पाठवायचा. म्हणून सगळी जागा त्यालाच दिलीय. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत.

सावद्याहून एक ताई लिहितात:

आमची केळी निर्यातीची छोटी फर्म आहे, पॅकहाऊस गावाबाहेर आणि ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत. मालक म्हणजे माझे चुलत सासरे, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. दुबईच्या पार्ट्या, शिपिंग लाइन, कस्टमचं काम बघणारे सीएचए, सगळे आप्पांच्याच मेलवर लिहितात आणि उत्तरं मी देते. पासवर्ड माझ्याकडे आहे, अकाउंट बघणाऱ्या भाऊंकडे आहे आणि पॅकहाऊसच्या सुपरवायझरकडेपण आहे. मागे ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आला, त्यावर लॉगिन करायला गेले तर कोड आप्पांच्या मोबाईलवर गेला, आप्पा कांदेबागेत, तिथं रेंज नाही, आणि इकडे बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजात चढवलेल्या मालाच्या पावतीचा, ड्राफ्ट दोन तासात कन्फर्म करायचा होता. शेवटी मोटरसायकलवर माणूस पाठवून कोड आणला. आता आप्पा म्हणतात ते कोडबिड बंदच करून टाक. करू का? मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे, डोमेन फर्मच्या नावाचं आहे.

उत्तर: ताई, कोड बंद करू नका. आप्पांना सांगा की कोडने त्या दिवशी एवढंच विचारलं, लॉगिन करणारा माणूस आप्पाच आहे का, आणि खरं उत्तर नाही असंच होतं. तिघंजण आप्पा बनून आत जातायत ही खरी अडचण आहे आणि ती कोड काढल्याने जाणार नाही, उलट मग चौथा कुणी बाहेरचा आला तरी त्याला अडवायला काही राहणार नाही. आणि निर्यातीच्या धंद्यात मेल हातात आला की बँक अकाउंट नंबर बदललेलं बिल पार्टीला पाठवून पैसे दुसरीकडे वळवायचा प्रकार चालतो, तो याच वाटेने होतो.

कागदावर आपल्याकडे हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. तहसीलचं नाहीतर शाळेचं पत्र बघा, साहेब जागेवर नसले की खालचा माणूस सही करतो आणि साहेबांच्या हुद्द्याच्या आधी ‘करिता’ लिहितो. पावतीवर ‘हस्ते’ लिहून पैसे कुणी आणून दिले त्याचं नाव येतं, म्हणजे पैसे एकाचे, हात दुसऱ्याचा, आणि दोघंही कागदावर. ईमेललापण ही सोय नवीन नाही. १९८२ साली ईमेलच्या मांडणीचे जे नियम लिहिले गेले, ज्याला आरएफसी ८२२ म्हणतात, त्यातच फ्रॉम आणि सेंडर अशा दोन वेगळ्या ओळी होत्या, फ्रॉममध्ये मजकूर ज्याचा आहे तो आणि सेंडरमध्ये प्रत्यक्ष ज्याने धाडला तो. २००८ च्या आरएफसी ५३२२ मध्ये तर उदाहरणच सेक्रेटरीचं दिलंय, साहेबांसाठी सेक्रेटरीने मेल पाठवला तर सेंडरमध्ये सेक्रेटरी आणि फ्रॉममध्ये साहेब. तुमचं काम अगदी हेच आहे.

आता मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये यासाठी तीन वेगळ्या परमिशन आहेत आणि लोकांचा गोंधळ होतो तो या तिघींना एकच समजण्यामुळे. पहिली रीड अँड मॅनेज, तिलाच फुल अ‍ॅक्सेस म्हणतात, ती दिली की दुसऱ्याचा मेलबॉक्स उघडता येतो, वाचता येतो, डिलीट करता येतं, पण त्याच्या नावाने पाठवता मात्र येत नाही. दुसरी सेंड अ‍ॅज, ती दिली की मेल सरळ आप्पांच्या नावाने जातो, समोरच्याला तुमचं नाव कुठेच दिसत नाही. तिसरी सेंड ऑन बिहाफ, म्हणजे आपलं ‘करिता’, समोरच्याला तुमचं नाव आणि पुढे ऑन बिहाफ ऑफ आप्पा असं दिसतं, आणि त्याने रिप्लाय केला तर तो आप्पांच्याच मेलबॉक्सला येतो.

तुम्हाला मी ऑन बिहाफ घ्यायला सांगेन, आणि आप्पांचं मन वळवायला थोडा वेळ लागला तरी तेच घ्या. मी हे का म्हणतो ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघायचो, तिथं शेठजींच्या मेलचा पासवर्ड पाच जणांना माहीत होता. एकदा रुईचा भाव खंडीमागे हजार रुपये कमी लिहून मेल गेला आणि पार्टीने तो धरून ठेवला. कुणी पाठवला? पाचही जण नाही म्हणाले आणि मेलवर तर शेठजींचंच नाव. सगळ्यात नवा, सगळ्यात गरीब घरचा जो पोरगा होता त्याच्यावर ते आलं आणि त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. त्याने पाठवला नव्हता हे दोन महिन्यांनी कळलं, तोपर्यंत तो सुरतला कामाला निघून गेला होता. मला अजून तो डोळ्यासमोर दिसतो, टेबलाजवळ उभा राहून सारखं एकच सांगत होता की साहेब मी त्या वेळी वजनकाट्यावर होतो. त्या ऑफिसात प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. ताई, उद्या कंटेनरच्या बाबतीत काही चुकलं तर पहिलं बोट तुमच्याकडेच येणार आहे, कारण उत्तरं तुम्ही देता हे सगळ्यांना माहीतय. तुमचं नाव मेलवर असणं ही तुमची स्वतःची ढाल आहे.

करायचं असं. आधी तुमचा स्वतःचा मेलबॉक्स पाहिजे, तुमचं लायसन्स नसेल तर ते घ्यावं लागेल, त्याला पर्याय नाही. मग ज्याच्याकडे अ‍ॅडमिनचं लॉगिन आहे त्याने अ‍ॅडमिन सेंटरमध्ये यूजर्स, तिथून अ‍ॅक्टिव्ह यूजर्स, मग आप्पांचं नाव उघडायचं. लक्षात घ्या, आप्पांचं, तुमचं नाही, बरेच जण इथं उलटं करतात, ज्याला परमिशन द्यायची त्याचं नाव उघडून बसतात. आप्पांच्या नावात मेल टॅब, तिथं मेलबॉक्स परमिशन्स, आणि त्यात सेंड ऑन बिहाफला तुमचं नाव टाकायचं. आलेले मेल वाचायचेत म्हणून रीड अँड मॅनेजलापण टाकावं लागेल. पण त्याआधी आप्पांना एकदा विचारा, कारण फुल अ‍ॅक्सेस म्हणजे सगळंच दिसतं, घरचे व्यवहार, बँकेचे मेल, डॉक्टरांचे रिपोर्ट, आणि सुनेसमोर ते सगळं उघडं असावं का हे आप्पांनी ठरवायचं. त्यांना ते नको असेल तर दुसरी वाट आहे, जुन्या आउटलुकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये, आप्पांच्या कॉम्प्युटरवर फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेलिगेट अ‍ॅक्सेस असं गेलं की ते स्वतःच तुम्हाला डेलिगेट करू शकतात, अ‍ॅडमिनची गरज नाही, आणि कोणत्या फोल्डरला किती अधिकार ते एकेक ठरवता येतं. रिव्ह्यूअर म्हणजे फक्त वाचणार, ऑथर म्हणजे वाचणार आणि नवीन करणार, एडिटर म्हणजे बदलणार आणि काढणारपण. असं डेलिगेट केलं की ऑन बिहाफ पाठवायचा अधिकार आपोआप मिळतो. सेंड अ‍ॅज मात्र आप्पा स्वतः देऊ शकत नाहीत, ते अ‍ॅडमिनच देतो.

पाठवताना नवीन मेल उघडून ऑप्शन्समधून फ्रॉमची ओळ चालू करा, तिथं आप्पांचा पत्ता निवडा, झालं. पुढच्या वेळी तो यादीत आपसूक येतो. परमिशन दिल्यावर कधी लगेच चालतं कधी तासभर लागतो, तेवढा धीर धरा, लगेच काढून परत देत बसू नका.

आणि पॅकहाऊसच्या सुपरवायझरना आप्पांच्या मेलची गरजच काय आहे ते बघा. त्यांना पॅकिंग लिस्ट आणि फायटोचे, म्हणजे मालाला रोगकीड नसल्याचे, कागद पाठवायचेत एवढंच ना? मग ‘डॉक्युमेंट्स’ नावाचा एक शेअर्ड मेलबॉक्स काढा, ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही, वापरणाऱ्यांना मात्र प्रत्येकी स्वतःचं पाहिजे. तिथं सेंड अ‍ॅज द्या, कारण तो पत्ता कुणा एका माणसाचा नाही, डिपार्टमेंटचा आहे, त्यामुळे फर्मचं नाव गेलं की पुरे. अ‍ॅडमिनला नंतर बघायचंच झालं तर सेंड अ‍ॅजने कुणी पाठवलं त्याची नोंद ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय केलं त्याच्या सर्व्हरवरच्या नोंदवहीत, मिळू शकते, पासवर्ड वाटलेला असेल तर तीपण मिळत नाही. एवढं झालं की आप्पांचा पासवर्ड बदला आणि अ‍ॅडमिन सेंटरमधून त्यांचे सगळे चालू सेशन साइन आउट करा, नाहीतर जुन्या कॉम्प्युटरवर, जुन्या मोबाईलवर ते काही काळ तसंच चालू राहतं.

धुळ्याहून एक भाऊ:

राम राम. मी एका कारखान्यात आयटी बघतो, एकटाच आहे. आमच्याकडे स्वतःचा एक्सचेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेलचा सर्व्हर आहे, क्लाउड नाही. एमडी साहेबांच्या पीएला त्यांच्या मेलबॉक्सचा फुल अ‍ॅक्सेस दिला, तिला सगळं दिसतं पण पाठवलं की मेल परत येतो, परमिशन नाही म्हणून. मग सेंड अ‍ॅज दिलं तर चाललं, आणि जेवून येईपर्यंत परत बंद! बघतो तर परमिशनच गायब. चार वेळा दिली, चार वेळा गेली. साहेब म्हणतात तुला जमत नाही. डोकं चालेना भो.

उत्तर: भाऊ, तुमचं काही चुकत नाहीये, साहेबांना हे उत्तर दाखवलं तरी चालेल. फुल अ‍ॅक्सेसमध्ये पाठवायचा अधिकार येत नाही, ते वर सावद्याच्या ताईंना सांगितलंय. तुमचं खरं दुखणं दुसरं आहे, आणि माझा अंदाज आहे की एमडी साहेबांचं अकाउंट डोमेन अ‍ॅडमिन्समध्ये किंवा तशाच एखाद्या अ‍ॅडमिन ग्रुपमध्ये आहे, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर पूर्ण ताबा असणाऱ्यांच्या यादीत. बघा बरं एकदा. पूर्वी कुणीतरी साहेबांना कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करता यावं म्हणून सरळ डोमेन अ‍ॅडमिन करून टाकलेलं असतं आणि मग ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

सेंड अ‍ॅज ही परमिशन एक्सचेंजमध्ये नाही तर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या लॉगिनच्या नोंदवहीत, साहेबांच्या अकाउंटवर लिहिली जाते. आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी अशा मोठ्या अधिकाराच्या अकाउंटची राखण करते, अ‍ॅडमिन-एसडी-होल्डर नावाचा एक नमुना ठेवलेला असतो आणि दर ६० मिनिटांनी सर्व्हर त्या ग्रुपमधल्या प्रत्येक अकाउंटच्या परमिशन त्या नमुन्याशी ताडून बघतो, जे जास्तीचं सापडेल ते काढून टाकतो. तुम्ही दिलेलं सेंड अ‍ॅज त्याला जास्तीचं वाटतं. म्हणून तुम्ही जेवायला जाता आणि ते जातं.

नमुन्यातच बदल करायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका, कारण मग पीएला फक्त एमडी साहेबांच्याच नाही तर सगळ्याच अ‍ॅडमिन अकाउंटच्या नावाने पाठवता येईल. साहेबांचं रोजचं अकाउंट त्या ग्रुपमधून काढा. अ‍ॅडमिनचं काम खरंच करायचं असेल तर त्यासाठी वेगळं अकाउंट द्या, ज्याला मेलबॉक्सच नाही. ग्रुपमधून काढल्यावर अ‍ॅडमिन-काउंट नावाची खूण आपोआप जात नाही आणि बंद झालेला इनहेरिटन्स, म्हणजे वरून आपसूक मिळणाऱ्या परमिशन, आपोआप चालू होत नाही, दोन्ही हाताने नीट करावं लागतं, तेवढं विसरू नका. मग परत सेंड अ‍ॅज द्या, टिकेल.

साहेबांना ‘करिता’ चालत असेल तर मात्र सेंड ऑन बिहाफच द्या, ते मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये राहतं. पण दोन्ही एकदम देऊ नका. दोन्ही दिलं की एक्सचेंज सेंड अ‍ॅजच वापरतो आणि मग तुम्ही परत विचाराल की ऑन बिहाफ दिसत का नाही.

अजून एक, सगळं बरोबर असूनही पीएला परत तोच एरर आला तर फ्रॉममध्ये पत्ता टाइप करताना आउटलुक जुना साठवलेला पत्ता पुढे करतो, तो खोडून टाका आणि अ‍ॅड्रेस बुकमधून साहेबांचं नाव नव्याने निवडा. आणि फुल अ‍ॅक्सेस ग्रुपला न देता माणसाला द्या, ग्रुपला दिला की मेलबॉक्स आउटलुकमध्ये आपोआप दिसत नाही, मग प्रत्येकाच्या टेबलावर जाऊन तो हाताने जोडत बसावं लागतं.

अमळनेरहून एका कॉलेजच्या ऑफिसातून:

आमच्याकडे गूगल वर्कस्पेस, म्हणजे संस्थेच्या नावाचा गूगलचा मेल आहे. प्राचार्य मॅडमच्या मेलवरून मीच पत्रव्यवहार करतो, विद्यापीठाचे मेल, शिष्यवृत्तीचे, सगळे. पासवर्ड मॅडमनी दिलाय. नवीन आलेले सर म्हणाले की हा गुन्हा आहे, तेव्हापासून झोप उडालीय. जीमेलच्या सेटिंगमध्ये ग्रँट अ‍ॅक्सेस म्हणून काहीतरी असतं असं ऐकलं, पण मॅडमच्या अकाउंटला ते दिसतच नाही.

उत्तर: भाऊ, शांत झोपा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ६६सी दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने वापरण्याबद्दल आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मॅडमनी स्वतः दिलेल्या पासवर्डने मॅडमचंच काम करणं हे त्या कलमातलं नाही. पण उद्या वाद झाला आणि मॅडमची बदली झालेली असली, तर मॅडमनीच सांगितलं होतं हे तुम्ही दाखवणार कशाने? पासवर्ड तर तोंडी दिलेला. म्हणून दोन गोष्टी करून घ्या, मॅडमच्या सहीचा एक साधा कार्यालयीन आदेश की अमुक पत्रव्यवहार हे त्यांच्या वतीने करतील, आणि रीतसर डेलिगेशन, म्हणजे पासवर्ड न देता दिलेला मेलचा अधिकार.

ते सेटिंग दिसत नाही कारण वर्कस्पेसमध्ये मेल डेलिगेशन आधीपासून बंद असतं. कॉलेजचं वर्कस्पेस जे बघतात त्यांना सांगा, अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये अ‍ॅप्स, गूगल वर्कस्पेस, जीमेल, यूजर सेटिंग्ज, तिथं मेल डेलिगेशन चालू करायचं. तिथंच अजून एक निवड असते, मेलवर फक्त मॅडमचं नाव जाईल की पाठवणाऱ्याचंपण दिसेल. दोन्ही दिसेल ते ठेवायला सांगा. कॉलेजच्या पत्रावर तुम्ही ‘करिता’ लिहून सही करता तेव्हा कुणी नाक मुरडतं का? विद्यापीठातला माणूस फोन करायचा झाला तर उलट सरळ तुम्हालाच करेल, मॅडमना मीटिंगमधून उठावं लागणार नाही.

चालू झालं की मॅडमच्या अकाउंटमध्ये सेटिंग्ज, सी ऑल सेटिंग्ज, अकाउंट्स, ग्रँट अ‍ॅक्सेस टू युअर अकाउंट, तिथं तुमचा कॉलेजचा मेल टाकायचा. घरचा जीमेल चालणार नाही, संस्थेतल्याच माणसाला देता येतं. त्याच जागी एक बारीक निवड आहे, तुम्ही उघडलेला मेल मॅडमना वाचलेला दिसावा की न वाचलेला. मॅडम स्वतःपण मेल बघत असतील तर न वाचलेला ठेवा, नाहीतर तुम्ही सकाळी चाळलेलं त्यांच्या नजरेतून सुटेल.

शहाद्याचे एक वाचक, सध्या पुण्यात:

आमचे नाना शिक्षक होते, रिटायर होऊन आता गावीच असतात. पेन्शनचे, विम्याचे मेल येतात, ते वाचतात सगळं पण इंग्रजीत उत्तर लिहायला त्यांना जड जातं. मागच्या वेळी विमा कंपनीने मागितलेली माहिती मुदतीत गेली नाही. त्यांचा साधा जीमेल आहे. पासवर्ड घेऊन ठेवतो म्हटलं तर ते नाराज झाले, बोललेच नाहीत दोन दिवस. काय करावं?

उत्तर: नानांचं नाराज होणं मला पटतं. आयुष्यभर स्वतःची कामं स्वतः केलेला माणूस, त्याच्याकडे आपण चावीच मागतो, मदत करू का असं विचारायच्या आधी. आणि गूगलचा पासवर्ड म्हणजे फक्त मेल नाही हो, फोटो, ड्राइव्हवरचे कागद, मोबाईलचा बॅकअप, नाना कुठे आहेत ते नकाशावर, सगळं त्या एका पासवर्डमागे असतं.

साध्या जीमेललापण डेलिगेशन आहे, १० जणांपर्यंत देता येतं. नानांच्या अकाउंटमध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स अँड इम्पोर्ट, ग्रँट अ‍ॅक्सेस, तिथं तुमचा जीमेल पत्ता. हे कॉम्प्युटरवरून करावं लागतं, मोबाईलच्या अ‍ॅपमधून होत नाही. मग तुम्हाला एक मेल येतो, त्यातली लिंक आठवड्याच्या आत उघडून हो म्हणायचं, नाहीतर ती मुदत संपते आणि परत पहिल्यापासून करावं लागतं. चालू व्हायला २४ तासपण लागू शकतात. त्यानंतर तुमच्याच जीमेलमध्ये वरच्या फोटोवर क्लिक केलं की नानांचा मेलबॉक्स दिसतो. तुम्ही वाचू शकता, उत्तर देऊ शकता, काढू शकता, पण नानांचा पासवर्ड बदलू शकत नाही आणि त्यांच्या नावाने चॅट करू शकत नाही. गेलेल्या मेलवर नानांच्या नावाबरोबर तुमचापण पत्ता दिसतो, ते चांगलंच आहे, मजकुरात पण एक ओळ लिहा की वडिलांच्या वतीने मुलगा लिहितोय.

नानांना हे सगळं आधी नीट सांगा, विशेषतः हे की तुम्हाला त्यांचा प्रत्येक मेल दिसेल. बँकेचं स्टेटमेंट दिसेल, जुन्या मित्रांशी काय बोलतात ते दिसेल. दुसऱ्या वेबसाइटचा पासवर्ड बदलायची लिंकपण मेलवरच येते, म्हणजे ज्याच्या हातात मेल त्याच्या हातात बाकीची बरीच कुलपं. तुमच्यावर विश्वास आहेच, पण भावाला, मेव्हण्याला, सायबर कॅफेवाल्याला देण्याआधी याचा विचार करा. सुट्टीला गावी याल तेव्हा शेजारी बसून नानांच्या हाताने क्लिक करू द्या, आणि त्याच पानावर काढून टाकायचं बटण कुठे आहे तेपण दाखवून ठेवा, त्यांना वाटेल त्या दिवशी ते तुम्हाला काढू शकतात. दोन दिवसांचा अबोला यानेच सुटेल असं मला वाटतं. आणि ज्या मेलमध्ये नानांनी संमती द्यायचीय, क्लेमची, नॉमिनीची, तो मजकूर तुम्ही लिहून ड्राफ्टमध्ये ठेवा आणि पाठवायचं बटण नानांनाच दाबू द्या.

चाळीसगावहून:

ऑफिसातला मुलगा काम सोडून गेला. त्याला साहेबांच्या नावाने पाठवायची परमिशन होती. त्याचं अकाउंट बंद केलं, पुरे ना?

उत्तर: अकाउंट बंद केलं तर तो आत येऊ शकत नाही, बरोबर. पण बऱ्याच ऑफिसात ते अकाउंट नंतर दुसऱ्याला देतात, नुसतं नाव बदलून, आणि मग नव्या माणसाला न मागता साहेबांच्या नावाने पाठवायचा अधिकार मिळतो. म्हणून साहेबांच्या मेलबॉक्सवर जाऊन फुल अ‍ॅक्सेस, सेंड अ‍ॅज आणि ऑन बिहाफ तिन्ही ठिकाणी त्याचं नाव आहे का बघून काढा, एक काढलं की बाकीची जात नाहीत. साहेबांच्या मेलबॉक्समध्ये बाहेर फॉरवर्ड करणारा एखादा रूल राहिलाय का तेपण बघा. आणि साहेबांचा पासवर्ड त्याला माहीत होता अशी जराही शंका असेल तर आजच बदला.

भुसावळहून:

स्कॅनिंगचं मशीन मेल पाठवत नाही, ५.७.६० असा एरर येतो, क्लायंट डझ नॉट हॅव परमिशन्स टू सेंड अ‍ॅज धिस सेंडर. मशीनला माणसासारखी परमिशन लागते का?

उत्तर: लागते. मशीन ज्या अकाउंटने लॉगिन करतंय तो एक पत्ता आणि मशीनच्या सेटिंगमध्ये फ्रॉमला टाकलेला दुसरा, असं झालंय. दोन्हीकडे एकच पत्ता टाका, नाहीतर मशीनच्या अकाउंटला त्या फ्रॉमच्या मेलबॉक्सवर सेंड अ‍ॅज द्या. फक्त मॅनेजर साहेबांचा पत्ता फ्रॉमला ठेवू नका, ऑफिसातला कुणीही येऊन कागद ठेवून बटण दाबेल आणि तो साहेबांच्या नावाने जाईल. ‘स्कॅनर’ नावाचा वेगळा पत्ता काढा आणि मशीनला तोच द्या.